डाव्या कानातलं तेल

६ जानेवारी, सोमवार

औषधाच्या दुकानातून दर नव्या वर्षाला डायरी मिळते. आजवर ती नातीला चित्रं काढायला जायची. यंदा मीच ठेवून घेतली. घरात बोलायला माणूस नाही असं नाही, धाकटा भाऊ दादू आहे. पण दादूशी बोलणं म्हणजे विहिरीत डोकावून बोलणं, आपलाच आवाज वर येतो.

परवा परसातल्या विहिरीवर मला घेरी आली. शुद्धीवर आलो तेव्हा दादू शेजारी बसलेला, आणि त्याची टोपी माझ्या तोंडावर, ऊन लागू नये म्हणून. टोपी तो कधी काढत नाही. झोपला की मीच काढून खुंटीला लावतो. गंगावहिनीचं घर हाकेवर आहे, पण हाक मारायचं त्याला सुचलं नाही. सावली मात्र सुचली.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, आजोबा, आता एकटे राहू नका. मी म्हटलं, एकटा कुठे, भाऊ आहे. त्यांनी दादूकडे बघितलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

रात्री लेकीचा, नम्रताचा, डोंबिवलीहून फोन. "अण्णा, उद्या तुम्हाला काही झालं तर काकाला कोण बघणार? लांज्याला एक घर आहे, अशाच माणसांचं. मी चौकशी केल्येय."

"त्याचा भाऊ अजून जिवंत आहे गो."

"म्हणून तर आत्ता विचारत्येय."

फोन ठेवला आणि दादूला विचारलं, "लांज्याला राहायला जाशील?"

"व्हय म्हाराजा."

मग विचारलं, "भाऊजवळच राहशील ना?"

"व्हय म्हाराजा."

मी दुसरं उत्तर धरलं आणि पेज चुलीवर ठेवली.

८ जानेवारी, बुधवार

नात उद्या हे वाचेल, तिला कळावं म्हणून लिहून ठेवतो. गावात गाऱ्हाणं मी घालतो. म्हणजे शिमग्यात पालखी दारात आली की त्या घरच्यांचं दुखणं-खुपणं, हवं-नको, त्यांच्या वतीने देवाला सांगायचं. दर मागण्याला पाठीमागची मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात. शिकलो चौथीपर्यंत. पुढचं सगळं सायकलदुरुस्तीच्या दुकानात बसून, रद्दीच्या पेपरांवर. पण बोलणं देवाने दिलं. दादूला ते दिलं नाही, म्हणून लहानपणापासून त्याचंही मीच बोलत आलो. त्याला येतात ते दोन शब्द माझ्या पाठीशी उभं राहून शिकलेले. त्याच्या तोंडून "नाही" म्हणून मी जन्मात ऐकलं नाही. एवढा गोड माणूस.

आमच्या दारात शेवटचं मागणं नेहमी त्याच्यासाठी असतं: हे भोळं लेकरू माझ्यापासून लांब करू नको. गेल्या शिमग्याला नेमका तेव्हाच तो कान चोळायला लागला. डावा. त्या कानाने त्याला जन्मभर छळलंय. लोक बघत होते, मी त्याचा हात खाली ओढला. रात्री तेलात लसूण टाकून कोमट केलं आणि कानात सोडलं. आईसुद्धा तेच करायची.

११ जानेवारी, शनिवार

रत्नागिरीत दीपाली मॅडम म्हणून वाचातज्ज्ञ आहेत. ज्यांना बोलता येत नाही त्यांना त्या वाट काढून देतात. त्यांनी दर शनिवारी एक वर्ग भरवलाय. विद्यार्थी कोण, तर शिकून सवरून झालेली माणसं. कानाच्या डॉक्टरीणबाई, दातांचे डॉक्टर विनीत, एक मास्तर, एक वकील, एक पोलीसबाई. दादूसारख्यांशी वागायचं कसं हे म्हणे प्रत्येकजण आपापल्या कॉलेजात थोडं थोडं शिकतो आणि दुसऱ्याचं त्याला ठाऊक नसतं, म्हणून सगळे एका खोलीत. आणि शिकवायला आमच्यासारखी घरं. नम्रताने आमचं नाव परस्पर दिलं.

मी इस्त्रीचा सदरा घातला. दादूला न्हाऊ घालून नेलं.

विनीत डॉक्टर वाकून म्हणाले, "दादूकाका, दात दाखवता?"

मी म्हटलं, "दाखवतो तर. दादू, आ कर."

दीपाली मॅडम म्हणाल्या, "काका, डॉक्टरांनी त्यांना विचारलं."

"तेच ना. म्हणून तर मी सांगितलं."

सगळे हसले. मीही हसलो. मॅडम म्हणाल्या, आपल्या वर्गाचा नियम एकच, विचारायचं आणि गप्प बसायचं. समोरचा चहा निवला तरी चालेल. मला हे काही झेपणारं नाही.

दादूने सगळ्यांना "व्हय म्हाराजा" म्हणून खूश केलं. टाळ्या पडल्या. त्याचा कान परत सुरू झाला. हॉलमधल्या पंख्याचा वारा असेल.

तिथे लांज्याच्या त्या घराच्या शमीमबाईही शिकायला येतात. राजिवड्याच्या, पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. हसून "काय रावजीभाई" म्हणाल्या. मी त्यांच्याशी बोलणं टाळलं. भाऊ पळवायला आलेलं माणूस दिसतं ते मला.

१८ जानेवारी, शनिवार

आजचं लिहू नये असं वाटतंय.

मॅडमनी दादूसमोर खुर्ची ओढली. "दादूकाका, तुम्ही रत्नागिरीचे?"

"व्हय म्हाराजा."

"तुम्ही मुंबईचे?"

"व्हय म्हाराजा."

"भूक लागल्येय?" व्हय. "पोट भरलंय?" व्हय. लोक हसायला लागले. मीही लागलो, आपल्या पोराचं कौतुक चाललंय तसा. मग पोलीसबाई हसायची थांबली. म्हणाली, "मॅडम, आणि मी ठाण्यात विचारलं, ही चोरी तू केलीस काय?"

दादूने तिच्याकडे बघून मान हलवली. "व्हय म्हाराजा."

मग कोणी हसलं नाही. वकिलांनी चष्मा काढून पुसला.

मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "काका, 'होय' म्हटलं की माणसं हसतात, जवळ घेतात, पुढचा प्रश्न विचारत नाहीत. हे त्यांना फार लवकर कळलंय. तो त्यांचा दोष नाही. पण त्यांचं 'नाही' कुठे आहे, ते आपल्याला शोधायला हवं."

मी म्हटलं, "त्याच्यात 'नाही' नाहीच मुळी. देवमाणूस आहे तो."

"माणूस आहेत," त्या म्हणाल्या.

बसमध्ये दादू खिडकीशी बसला होता. मी त्याला काही विचारलं नाही. विचारून काय करणार.

२० जानेवारी, सोमवार

सकाळपासून परीक्षा घेतोय. चहा हवा? व्हय. चहा नको? व्हय. भाऊ चांगला? व्हय. भाऊ वाईट? व्हय.

तेवढ्यावर थांबलो.

१ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमना मी आपणहून कानाचं सांगितलं. म्हटलं, एवढे सगळे डॉक्टर आहेत तर बघा. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून बघितला. "कान स्वच्छ आहे काका. पडदा ठीक, सूज नाही. आत तेल तेवढं आहे." विनीत डॉक्टरांनी दाढा बघितल्या, जबडा दाबून बघितला. तिथेही काही नाही.

मग मॅडमनी वर्गाला विचारलं, दादूकाकांचा हात कानाकडे गेलेला कोणी पाहिलाय, आणि कधी? मला वाटलं, कोण लक्ष देणार. पण सगळ्यांनी दिलं होतं. मास्तर म्हणाले, टाळ्या वाजल्या तेव्हा. पोलीसबाई म्हणाली, मी गणवेशात जवळ गेले तेव्हा. साध्या कपड्यात गेले तर नाही. विनीत म्हणाले, मी आरसा हातात घेतला तेव्हा. शमीमबाई म्हणाल्या, "रावजीभाई त्यांच्या तोंडात लाडू कोंबत होते तेव्हा." मॅडम फळ्यावर लिहीत गेल्या.

"काका, तुम्हाला यात काय दिसतं?"

मी नीट वाचलं. म्हटलं, "घरापेक्षा वर्गात जास्त दुखतो."

पोलीसबाई खिडकीकडे बघायला लागली. मॅडम खडू खाली ठेवून म्हणाल्या, "काका, त्यांना 'नको' म्हणता येतं. तोंडाने येत नाही, एवढंच."

मला कळायला वेळ लागला. तोवर दादूने बशीतला दुसरा लाडू माझ्यापुढे सरकवला होता.

२ फेब्रुवारी, रविवार

तेलाची बाटली फडताळात आहे. सकाळपासून चारदा तिकडे नजर गेली.

एकेक आठवतंय. नम्रताच्या लग्नात त्याला फेटा बांधला तेव्हा. न्हाव्यासमोर बसवतो तेव्हा. पहाटे गार पाण्याने आंघोळ घालतो तेव्हा. आणि दर वेळी मी काय केलं, तर त्याला आडवा पाडला, मान कलती केली, कानात तेल ओतलं. तेल नको म्हणून परत हात न्यायचा, की मी परत ओतायचो. म्हणायचो, बघा केवढं दुखतंय लेकराला.

आज पाणी तापवून ठेवलं. म्हटलं, दादू, गरम पाणी. आणि गप्प बसलो. खूप वेळ. मग तो आपला उठला आणि न्हाणीत गेला. हात कानाकडे गेला नाही.

मी चुलीपुढे बसून राहिलो. धुराने डोळे भरले म्हणावं, तर चूल केव्हाच विझली होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचा वर्ग लांज्याच्या घरी होता. हायवेवरून आत, काजूच्या बागेत. गच्च झाडी, आणि दारापुढे सारवलेलं खळं. दहा-बारा जणं राहतात. त्यांतले चार-पाच झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधत होते. दादू त्यांच्यात जाऊन बसला. एकाने त्याच्या हातात सुरी दिली.

मी उठलो. घरी मी त्याला विळीच्या आसपास फिरकू देत नाही. शमीमबाईंनी मला हाताने थांबवलं. "बसा वो रावजीभाई. सुरी बोथट आहे, आणि सलीम शेजारी आहे. बघू तर दे त्याला."

दादूने झावळीचं पातं धरलं, सुरी टेकवली आणि ओढली. हीर निघाला. त्याने तो उन्हात धरून बघितला. मग दुसरं पातं. दुपारचं जेवण झालं, वर्ग संपला, बाकीची माणसं गेली, तरी त्याचं चाललेलंच. मध्ये कधीतरी त्याने टोपी काढून खांबाच्या खिळ्याला लावली. तिथे उकडतं फार. आमच्या पडवीसारखा वारा नाही.

निघताना मी म्हटलं, "चल दादू." त्याने कान चोळला. मी शमीमबाईंना म्हटलं, बघा, तुमच्याकडे त्याला करमत नाहीये. त्या हातातल्या खराट्याची दोरी आवळत होत्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे परत घेरी आली. या वेळी न्हाणीत. कपाळ फुटलं. दादू उंबऱ्याशी उभा राहून "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" असं मोठ्याने म्हणत सुटला. गंगावहिनीला वाटलं, आम्ही अवेळी गाऱ्हाणं घालतोय. ती विचारायला आली, म्हणून वाचलो.

नम्रता रजा काढून आली. भांडली नाही. दादूचे कपडे घडी करायला लागली तेव्हा मला कळलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दादूला लांज्याला सोडलं. शिमग्यापर्यंतच, असं ठरलंय. मला ताकद येईपर्यंत. शमीमबाईंना सगळं सांगितलं, पेज कशी लागते, भिंतीकडे तोंड करून झोपतो, वीज कडाडली तर धरून बसावं लागतं. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही आम्हाला सांगितलंत. आता थोडं त्यांच्याकडून पण कळू दे."

पिशवीत तेलाची बाटली ठेवली होती. सवयीने. मग काढून घेतली.

दीपाली मॅडम मुद्दाम आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही मला त्याचं 'नको' शिकवलंत. आता बघा, आठ दिवसांत इथल्या सगळ्यांना कान चोळून दाखवील, मला भाऊकडे न्या म्हणून."

त्या म्हणाल्या, "तसं असेल तर आम्ही स्वतः आणून सोडू, काका."

बाई शब्दाची पक्की वाटते. एवढ्या भरवशावर परत आलो.

३ मार्च, सोमवार

फोन आला नाही. शमीमबाईंना वाटत असेल, मी आजारी आहे, कशाला त्रास द्या. दादूचे हाल मला सांगवत नसतील त्यांना.

पडवीतल्या खुंटीवर काही नाही, तरी रात्री मी हात लावून बघतो.

१२ मार्च, बुधवार

उद्या होळी. सकाळच्या गाडीने लांज्याला गेलो. नम्रता म्हणाली होती, फोन करून जा. म्हटलं, भावाला आणायला फोन कसला. त्याचा नवा सदरा नेला होता.

तो खळ्यात बसला होता. पुढ्यात हिरांचा ढीग, शेजारी तो सलीम. टोपी खिळ्याला. मला बघितल्यावर उठला, आला, माझ्या कपाळावरच्या खुणेवर बोट फिरवलं. मग माझा हात धरून मला ढिगापाशी नेलं आणि बसवलं. एक हीर माझ्या हातात दिला.

मग मी म्हटलं, "दादू, शिमगा आला. पालखी येणार. घरी जायचं?"

आणि गप्प बसलो. मॅडमनी सांगितलं तसं. जन्मात पहिल्यांदा मी असा गप्प बसलो असेन. मांजर खळं ओलांडून गेलं. आत कुणी भांडी घासत होतं. मी मनातल्या मनात सुद्धा त्याच्या वतीने काही बोललो नाही.

त्याचा डावा हात हळूहळू वर गेला.

शमीमबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "दुखत असेल वो कधी कधी. वारा आहे आज." मी त्यांच्याकडे बघितलं. बाई खोटं बोलत होती, माझ्यासाठी. मला कळलं ते.

परत विचारलं. उलटं. "इथेच राहणार?" हात खाली आला. त्याने पातं उचललं आणि सुरी टेकवली.

मी वर्गात किती वाद घातला होता, त्याच्यात 'नाही' नाहीच म्हणून. होतं. एवढी वर्षं जपून ठेवलं होतं आणि नीट ऐकणारा भेटल्यावर मला दिलं.

सदरा शमीमबाईंकडे दिला. फाटकापर्यंत दादू सोबत आला. ऊन चढलं होतं. त्याने मागे जाऊन खिळ्याची टोपी आणली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. दोन्ही हातांनी दाबून बसवली. मग परत गेला. मागे वळून बघत नाही तो कधीच, तेवढी त्याची सवय मला ठाऊक आहे.

गाडीत बाजूच्या माणसाने विचारलं, "आजोबा, टोपी लहान होते काय तुम्हाला?" मी म्हटलं, होय.

१७ मार्च, सोमवार

पालखी आली. गावकऱ्यांनी विचारलं, दादू कुठे. म्हटलं, कामाला लागलाय, लांज्याला. ते हसले. थट्टा वाटली त्यांना.

सगळ्यांची गाऱ्हाणी घातली. कोणाच्या पोराला नोकरी, कोणाच्या सुनेला मूल. घसा साथ देत होता. मग आमच्या दारातलं शेवटचं मागणं आलं. तोंडात पाठ होतं तेच येत होतं, लांब करू नको. तिथे थांबलो. पाठीमागच्या त्याच्या जागेवर ढोलवाल्याने ढोल टेकवून ठेवला होता.

मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या भावासाठी दर वर्षी मी मागतो. यंदा मागत नाही. तुला काही द्यायचं असलं तर लांज्याला जा आणि त्यालाच विचार. विचारलंस की वाईच थांब. त्याला वेळ लागतो."

लोकांना कळेना, इथे "व्हय म्हाराजा" म्हणायचं की नाही. कोणी म्हटलं नाही. पालखी तशीच उचलली.

गर्दी गेल्यावर गंगावहिनी मागे थांबली. म्हणाली, "भावोजी, कान दुखतो काय? गाऱ्हाणं घालताना सारखे चोळत होतात. तेल कोमट करून आणू?"

मला तर काहीच आठवत नाही.

म्हटलं, नको.